साहेबांची कमान

आमच्या गावचे साहेब पोलीस खात्यातून बडतर्फ झाले, ती बातमी मी लातूरला दुकानात बसून वाचली. लगेच शेजारच्या दुकानदाराला हाक मारली आणि दोन स्पेशल चहा मागवले. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

साहेब मोठे अधिकारी. शेवटची नेमणूक नांदेडला. बिलोलीकडून येणाऱ्या वाळूच्या गाड्या त्यांच्या आशीर्वादाने चालायच्या, असा आरोप. गावाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. तरीही, खरं तर म्हणूनच, रेणापूरच्या फाट्यापासून वेशीपर्यंत त्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागायचे. झेंडावंदनाला येऊन साहेब शाळेतल्या पोरांना प्रामाणिकपणा शिकवायचे आणि आमचे पुढारी पुढच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या पिटायचे.

या साहेबांनी आमच्या शेताला लागून जमीन घेतली, फार्महाऊस बांधलं आणि पांदणीवर, म्हणजे आमच्या शेताच्या एकुलत्या एक वाटेवर, गेट बसवलं. गेटवर विटांची बुटकी कमान, कमानीवर पितळी अक्षरांत नाव आणि हुद्दा. आता त्या शेतात माझी आई आहे. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत, आपल्याच रानात बसवून माती देतात. अप्पा, माझे वडील, दर सोमवारी तिच्या समाधीवर विभूती आणि बेल वाहायला जायचे. आपल्या माघारी आपल्यालाही तिच्या शेजारीच बसवावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

गेटवर साध्या कपड्यांतला शिपाई असायचा. पगार सरकारचा आणि राखण साहेबांच्या आंब्यांची. तो दर सोमवारी विचारायचा, "कुठं निघालाव? काय काम हाय?"

"बायकूकडं निघालोय," अप्पा म्हणायचे.

तो हसायचा आणि आत फोन लावायचा. तोवर अप्पा उन्हात उभे. मी सरपंचांकडे तक्रार घेऊन गेलो, तर ते म्हणाले, "आरं, एवढा मोठा माणूस आपल्या गावात हाय. घटकाभर थांबलं तर काय बिघडतंय?" लाज या माणसाच्या वाऱ्यालाही कधी उभी राहिली नसावी.

बडतर्फीनंतर शिपाई गेला आणि फ्लेक्स उतरले. त्यातला एक सरपंचांनी स्वतःच्या सोयाबीनच्या गंजीवर झाकला. "आमाला पैल्यापासनं म्हाईत होतं," असं जो तो सांगत फिरायला लागला. साहेब मात्र फार्महाऊसवर येऊन राहिले आणि लोकांच्या भीतीने त्यांनी गेटला आतून कुलूप घातलं. अप्पा बाहेरून हाका मारायचे आणि हातातला बेल घेऊन तसेच परत यायचे. त्याच दिवाळीच्या तोंडावर ते गेले.

आमच्यात मयताला ताठ बसवून, फुलांनी सजवलेल्या विमानातून नेतात. भजन म्हणत माणसं गेटपाशी आली. एवढ्या गर्दीपुढे साहेबांनी मुकाट्याने कुलूप काढलं. पण विमान उंच, ते कमानीखालून जाईना.

"जरा तिरपं करा की," साहेब म्हणाले. "त्यांची मान थोडी खाली घ्या, जाईल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जित्या माणसाला उन्हात उभं केलं आणि आता मेल्यावर याच्या नावाखालून वाकवून न्यायचं?

"कमान पाडा," मी म्हणालो.

कुणी हललं नाही. सरपंचांनी मला बाजूला ओढलं. "येड्या, उद्या कोर्टातनं परत कामावर आला म्हंजी? वाकवा अप्पाला. त्यास्नी आता काय कळतंय?"

इतका किळसवाणा शहाणपणा मी आयुष्यात ऐकला नाही. खड्डा खणायला सकाळीच कुंपणावरून उड्या टाकून गेलेले आमचे भाऊबंद पलीकडे शेतात होते. मी जाऊन त्यांची पहार आणली आणि पहिला घाव हुद्द्यावर घातला.

"ए, मी कोण आहे माहीत—" साहेब ओरडले आणि मध्येच थांबले.

अर्धी कमान खाली आल्यावर सरपंचही पुढे झाले. त्यांनी एक वीट उचलून बाजूला ठेवली आणि हात झटकले.

अप्पा ताठ बसून आत गेले. काय काम आहे, असं त्यांना कुणी विचारलं नाही.