शेरी कास्कमधली जळकी काडी

"मॅडम, तुम्ही फक्त सही करा. बाकीचं मी बघतो," कामत म्हणाला.

टेबलावर बाटली होती. शेजारी टेस्टिंग नोटचा, म्हणजे वास-चवीच्या अभिप्रायाचा कागद, खाली माझं नाव आधीच टाइप केलेलं. हा अंधेरी ईस्टला विमानतळाजवळच्या एका हॉटेलचा बार. कामत तिथला फूड अँड बेव्हरेज हेड. वीस वर्षांपूर्वी तो ट्रेनी बारटेंडर होता, तेव्हा ग्लास नाकाशी कसा धरायचा हे मीच त्याला शिकवलं. आता तो माझा क्लायंट.

माझं काम व्हिस्की हुंगण्याचं. दारूच्या कंपनीत ब्लेंडिंग लॅबमध्ये सत्तावीस वर्षं काढली. आता हॉटेलांना सल्ला देते: ही बाटली सांगितलेल्या किमतीची आहे की नाही. घोट जिभेवर फिरवायचा आणि थुंकायचा. हे ऐकून लोकांना फार वाईट वाटतं.

ही बाटली शेरी कास्कची होती. शेरी म्हणजे स्पेनमधली एक वाइन. ती ज्या ओकच्या पिंपात मुरते, त्या रिकाम्या पिंपात मग स्कॉच वर्षानुवर्षं ठेवतात. लाकडातून तिला रंग येतो आणि मनुका, अंजीर, लवंगेचा वास येतो. अशी पिंपं कमी आणि महाग, म्हणून व्हिस्कीही महाग. कामतने पंधरा बाटल्या मागवल्या होत्या. शनिवारी लाँच होतं. मेनू छापून आला होता, पहिल्याच पानावर हिचं नाव.

रंग झकास होता, गुळाच्या कोऱ्या चहासारखा. मी ग्लास नाकाशी नेला. मनुका आल्या. लवंग आली. आणि त्यांच्या मागून विझलेल्या आगकाडीचा वास आला. थोडं पाणी घातलं, तर तो आणखी वर आला. आता त्यात सायकलच्या ट्यूबचं रबरही होतं.

"कामत, यात गंधक आहे."

"व्हिस्कीत गंधक?"

"रिकामी पिंपं पाठवताना खराब होऊ नयेत म्हणून आत गंधकाची मेणबत्ती जाळायची पद्धत होती. तो लाकडात दडून बसतो. या किमतीला हे चालणार नाही."

त्याने हुंगलं. पुन्हा हुंगलं. "मला तर मनुकाच येतायत."

"काहींना तो वास येतच नाही. तुझी चूक नाही त्यात."

"आणि तुमची असेल तर?" त्याने ग्लास खाली ठेवला. "तुम्हीच आल्याआल्या म्हणालात ना, घरी मसाला चाललाय म्हणून?"

ती मात्र माझीच चूक. आम्ही मरोळ गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. मे महिन्यात आमच्याकडे वर्षाचा बॉटल मसाला होतो. मिरच्या भाजायला सुरुवात झाली की गल्लीतली मांजरंसुद्धा शिंकतात. त्या आठवड्यात मी कधी काम घेत नाही. या वर्षी घेतलं, कारण कामं कमी झाली होती. का कमी झाली होती, ते कामतनेच पुढच्या वाक्यात सांगून टाकलं.

"आणि मॅडम, कोविडमध्ये तुमचा वास गेला होता. लोक बोलतात. मी नाही म्हणत, पण बोलतात."

माझे कान तापले. चार महिने मला लसणाचासुद्धा वास येत नव्हता, हे खरं. नंतर सगळं परत आलं. की मलाच तसं वाटत होतं? रात्री लवंग चोळून हुंगायची सवय मला तेव्हापासून लागली, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सही केली असती आणि एखाद्या जाणकार गिऱ्हाइकाने काडी ओळखली असती, तर माझं नाक गेलं हे सिद्ध. नुसती नाही म्हणाले असते, तरी कामतच्या लेखी तेच सिद्ध. दोन्हीकडून वाट माझीच लागणार होती.

"परवा सकाळी अकराला माझी परीक्षा घे," मी म्हटलं. "तीन ग्लास. दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास मी ओळखायचा. असं सहा वेळा."

"अहो मॅडम, कशाला एवढं?"

"घे म्हटलं ना."

मसाल्याचा वास नको म्हणून दोन रात्री मी घरी गेलेच नाही. बारची इनचार्ज सुजाता कांबळे मुलुंडला राहते, तिच्याकडे राहिले. तिच्या आईने माझ्यासाठी फोडणी न घातलेलं वरण आणि भात केला. "पाहुणीला असलं वाढायचं म्हणजे कसंतरीच वाटतं बाई," मावशी दोन्ही दिवस म्हणत होत्या. परीक्षेच्या सकाळी साबण नाही, टूथपेस्ट नाही, चहा नाही. चहाचं सगळ्यात जड गेलं.

बारमध्ये त्याच धाटणीची, कमी किमतीची दुसरी शेरी कास्क होती. सुजाताने दोन्हींत पाणी घालून त्यांची तीव्रता सारखी केली. रंग दिसू नये म्हणून ग्लासांना फॉइल गुंडाळली, वर बशा झाकल्या. कुठल्या ग्लासात काय, हे फक्त तिच्या वहीत.

पहिल्या तीन फेऱ्या मी भराभर सांगितल्या. चौथीला काहीच कळेना. तिन्ही ग्लास एक. पुन्हा हुंगलं, तरी एकच. संपलं, लोक म्हणतात ते खरं, असं वाटलं. कामत घड्याळाकडे बघत होता.

"सांगून टाका ना काहीतरी," तो म्हणाला. त्याला माझी कीवच आली असावी, आणि तीच मला झोंबली.

"अंदाजाने सांगायला मी इथे आलेले नाही. दहा मिनिटं थांब."

नाक थकतं. अशा वेळी स्वतःचा हात हुंगायचा. आपल्या कातडीचा वास नाकाच्या ओळखीचा असतो, त्याने ते ठिकाणावर येतं. मनगट नाकाशी धरून मी खिडकीपाशी उभी राहिले. मग परत बसले. मधल्या ग्लासात काडी होती. पाचवी, सहावी सुटायला वेळ लागला नाही.

सुजाताने वही उघडली. एकेक फेरी वाचत गेली. शेवटी म्हणाली, "सर, सहाच्या सहा."

अंदाजाने एखाददुसरी बरोबर येते, सहा येत नाहीत. हे कामतला समजावायची गरज पडली नाही. त्याने ग्लास उचलला, बराच वेळ हुंगला आणि खाली ठेवला.

"मला अजूनही येत नाहीये, मॅडम."

"माहीत आहे."

"लोकांना आवडली असती ती."

"अर्ध्यांना आवडली असती. उरलेल्यांनी तुला काही न बोलता पुढच्या वेळी दुसरं हॉटेल गाठलं असतं."

त्याने माझ्यासमोरच इम्पोर्टरला फोन लावला आणि न उघडलेल्या चौदा बाटल्या परत न्यायला सांगितलं. मेनूचं पहिलं पान पुन्हा छापायला टाकलं. माझ्या जुन्या विद्यार्थ्याने फोनवर कारण दिलं ते असं: "आमच्या मॅडमना चालत नाही." एवढंच. मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

मग बाहेर येऊन कोरी टेस्टिंग नोट मागितली. "गंधक. घेऊ नये," एवढं लिहिलं आणि खाली सही केली, पूर्ण नावाने.

या धंद्यात नाक चांगलं असून भागत नाही. समोरच्याला जो वास येतच नाही, तो आपल्याला येतो हे त्याला पटवता यावं लागतं. तेही चहा न घेता.