पायाळू पोरीची गारगोटी

माझी मुलगी पायाळू. जन्मताना डोकं नाही, पाय आधी बाहेर आले तिचे. त्यामुळे आर्वीतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या कमरेत उसण भरली, की तो माणूस सरळ आमच्या किराणा दुकानापुढे येऊन पालथा पडायचा. मग आमची चिमुरडी फ्रॉक सावरत त्याच्या कमरेवर पाय द्यायची आणि वर लेमनची गोळी मागायची. पाय आमचा, गोळी आमच्याच बरणीतली, अन् आराम कोणाले, तर लोकाले! मी कुरकुर करायचे, पण मनातून कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, असंही आमच्याकडे मानतात. ते मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा होता. नदी आटली होती आणि पात्रातल्या रेतीत टरबुजाच्या वाड्या लागल्या होत्या. रविवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आम्ही ओळखीच्या एका वाडीवर गेलो. टरबूज खाऊन हे सावलीत आडवे झाले. पोरगी गोट्यांमध्ये गारगोट्या शोधत होती, एकमेकींवर घासून ठिणगी पाडायला. थोड्या वेळाने ती मुठीएवढी पांढरी गारगोटी घेऊन आली.

"आई, इच्यात पिवळा दोरा हाये."

खरंच होता. दगडाच्या आतून निघून आतच जाणारा, शिवणीच्या दोऱ्यासारखा. नखाने खरवडला तरी निघेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सोनाराकडे गेलो. ह्यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मी मुद्दाम सोबत गेले, आणि तरी व्हायचं तेच झालं. सोनारकाकांनी सुईने तो पिवळा भाग थोडा काढला, कसोटीच्या काळ्या दगडावर घासला, वर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ तशीच राहिली.

"सोनं हाये, बाई. जरासंच हाये, पण खरं हाये. नदीनं वरून, पहाडाकडून आणलं असन. कोनाले भेटलं?"

मी तोंड उघडायच्या आत हे बोलून मोकळे. "आमच्या पोट्टीले! पायाळू हाये ना थे!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांनी दगडाकडे बघितलंसुद्धा नाही. एकमेकांकडे बघितलं. मी गारगोटी पदरात बांधली आणि ह्यांना घेऊन तिथून निघाले.

कारण मला ठाऊक होतं. आम्ही रद्दीच्या कागदात सामान बांधायचो, आणि बांधता बांधता मी कागद वाचायचे. कुठेतरी कुणी गुप्तधनासाठी खड्डा खणला, कुठल्यातरी मांत्रिकाने पायाळू लेकरू आणायला सांगितलं, आणि लेकरू घरी परत आलं नाही. अशी बातमी मी एकदा वाचली होती आणि त्याच कागदात कुणाला तरी साखर बांधून दिली होती. आता ती बातमी डोळ्यांपुढून हलेना.

ह्यांना मात्र सोन्याचं भूत लागलं. संध्याकाळी पोरीला सायकलवर बसवून नदीवर घेऊन गेले. "सांग बरं बेटा, कुठं चमकते?" ती खेळ समजून बोट दाखवायची आणि हे तिथे उकरायचे. कळलं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. "अवो, पोरगी हाये का कुदळ हाये थे? लोक पाहून राह्यले ना!"

"काऊन एवढी भेतं तू?" हे म्हणाले.

काऊन भेते, ते लवकरच दुकानात चालून आलं. भर दुपारी एक अनोळखी माणूस आला, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला. कमरेत उसण भरली म्हणाला. मी पोरीला हाक मारली. तो पालथा पडला नाही. उभा राहून तिच्या पायांकडे बघत राहिला.

"अमावस्येले जन्मली का पोट्टी?"

"तुमाले काय कराचं हाये?"

तो हसला. पोरीची चप्पल निसटली होती. तो कमरेत सहज वाकला, चप्पल उचलली, आणि तिचा तळवा हातात धरून उलटा करून बघितला. उसण भरलेला माणूस असा वाकतो? मी तराजूतलं वजन उचललं आणि ओरडले, "निघ! कमरेले दवाखाना हाये, तिकडं जाऊन मर!" तो सावकाश गेला. घाई नव्हती त्याला, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

हे घरी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "तो दगड नदीत फेकून देतो," म्हणाले.

"फेकला तर लोक म्हनतीन लपवला."

मग मी एकटीच सोनाराकडे गेले. पदरातली गारगोटी त्यांच्यापुढे ठेवली. "काका, हा दगड तुमचा. मले काईच नको. जो इचारन त्याले सांगजा, पुन्ना तपासला तं खोटा निघाला म्हनून."

काकांना स्वतःला तीन मुली. ते म्हणाले, "खोट्याले खरं म्हना म्हननारे लय आले, बाई. खऱ्याले खोटं म्हना म्हननारी तू पयली." त्यांनी गारगोटी गल्ल्यात टाकली आणि शब्द पाळला. दगड खोटा निघाला, हे गावभर झालं. पानठेल्यावर ह्यांना लोक "काय सोन्याचे शेठ" म्हणून चिडवू लागले. हे मान खाली घालून ऐकून घ्यायचे. तो पांढऱ्या सदऱ्याचा माणूस पुन्हा आला नाही, पण वर्षभर मी पोरीला शाळेत एकटं सोडलं नाही. लोकांच्या कमरेवर पाय देणं तर बंदच केलं. शेजारणी रुसल्या, रुसू दिलं.

पोरीलाही आम्ही खरं सांगितलं नाही. "माझा खोटा दगड" म्हणत ती मोठी झाली, हसत हसत.

पुढे तिचं लग्न झालं. दोन हजारनंतरची गोष्ट, पहिलं बाळंतपण आमच्याकडे. वर्ध्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ पायाकडून आहे, सिझर करावं लागेल. पोरगी खाटेवरून आनंदाने ओरडली, "आई, माझ्यासारखंच पायाळू!"

आजूबाजूच्या खाटांवर परकी माणसं होती. मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

नात झाली. संध्याकाळी विहीणबाई आल्या. "सगळं बरोबर होतं ना वो, मंग सिझर काऊन केलं?"

"पोटातलं पानी कमी झालं होतं," मी म्हटलं.

त्या बाळाचं तोंड बघायला वाकल्या. मी दुपट्याचं टोक ओढून तिचे पाय झाकले.