मापयंत्रावरचे कुंकू

श्रीगजाननास वंदन करून, उद्याच्या खंडेनवमीच्या निमित्ताने हे लिहितो. ज्यांच्या घरी असे माणूस असेल, त्यांनी वाचावे.

आकुर्डीच्या दवाखान्यात तीन भेटी, दोन प्रश्नावल्या आणि पत्नीशी दीर्घ बोलणे झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "गुरुजी, हा ऑटिझम स्पेक्ट्रम आहे. पूर्वी यालाच ॲस्पर्जर सिंड्रोम म्हणत." म्हणजे मेंदूची घडण जन्मतःच निराळी; गोंगाट, कोणाची रोखलेली नजर, ठरलेल्या क्रमातला बदल सोसवत नाही. यावर औषध नाही. तेव्हा मी सहासष्ट वर्षांचा होतो.

परतताना रिक्षात पत्नी म्हणाली, "म्हणजे तुम्ही मुद्दाम करत नव्हता." चाळीस वर्षे तिला ते मुद्दाम वाटत होते, हे शल्य अजून जात नाही. यजमानांच्या घरी कुकरची शिट्टी झाली की मी संकल्प पहिल्यापासून सांगे. पुढच्या वर्षी ते दुसरे गुरुजी बोलावीत. नातलगांना निदान सांगितले, तर म्हणतात, "तुमचं सगळं तोंडपाठ, तुम्हाला कसला आजार?" त्यांना समजावून मी थकलो.

गेल्या खंडेनवमीला निघोज्याच्या एका कारखान्यात यंत्रपूजा होती. सुट्या भागांची तपासणी करणारा लातूरकडचा दत्ता, मी कुंकू लावू लागताच मापयंत्रावर हात धरून उभा राहिला.

"ह्याला लावू नका गुरुजी, माप चुकतंय."

"प्रत्येक यंत्राला लावायचे असते."

"ह्याला नाही."

असे चार वेळा झाले. माझाही स्वर चढला. सुपरवायझर वैतागले, "दत्ता, भावा, आता देवालापण रिजेक्ट करतो का? उद्यापासून पॅकिंगला जा." सगळे हसले. पॅकिंगच्या शेडमध्ये दिवसभर लाकडी खोक्यांना खिळे ठोकण्याचा आवाज असतो. दत्ताने कानांवर हात घेतले आणि माझ्या हातातल्या ताम्हनाकडे पाहत तेच वाक्य पुन्हा म्हटले. बोलताना मीही ताम्हनाकडेच पाहत होतो.

निदान करण्याचा अधिकार माझा नाही. पण विचारता तर येते.

"मग कुठे लावू?"

त्याने लगेच यंत्राची पेटी पुढे केली. "झाकणावर. उजव्या कोपऱ्यात."

आयुष्यभराचा क्रम मोडून मी तेथे कुंकू लावले. मग पूजेला बसलेल्या मालकांना सर्वांसमक्ष माझे निदान सांगितले. म्हणालो, "त्या गोंगाटात मी एक दिवस टिकलो नसतो. याला येथेच राहू द्या. मापाबद्दल तो बरोबर सांगतो आहे."

"एक होता, आता दोन झाले," सुपरवायझर पुटपुटले. पण दत्ता त्याच टेबलावर राहिला.

उद्या पुन्हा तेथेच जायचे आहे. कुंकू झाकणावरच ना, असे दत्ताने काल फोनवर विचारले. आज पुन्हा विचारले. मी दोन्ही वेळा हो म्हणालो.

वाचकहो, आपल्या घरातल्या अशा माणसाला सहासष्ट वर्षे वाट पाहावी न लागो. रागावण्याआधी एकदा विचारण्याची बुद्धी गजानन आपणांस व आपल्या कुटुंबास देवो.