ताईच्या झाकणांवरची नावं

फोन आला तेव्हा मी सिंदीच्या स्टेशनवर मामेभावाला गाडीत बसवून परत निघालो होतो. समुद्रपूरहून काकूंचा, म्हणजे संघमित्राताईच्या आईचा फोन. त्या कधी स्वतःहून फोन करत नाहीत, म्हणून रस्त्याच्या कडेला थांबूनच उचलला. "अतुल, संघमित्रा गेली रे बापा... सकाळी चहा ठेवला अन् तशीच खाली बसली." ताईला लहानपणापासून हृदयाच्या झडपेचं दुखणं होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. आणि लाज वाटते तरी सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा ताई आलीच नाही. आली ती एक ओळ. ती ओळ तिनं पाहिली होती का?

संघमित्राताई माझी सख्खी बहीण नव्हे. कॉलेजात दोन वर्षं तिनं मला शिकवलं, मग स्वतःच्या कामात सोबत घेतलं. काम जरा विचित्रच. ज्यांचं मूळ लिखाण हरवलंय आणि फक्त यंत्राला कळणारं रूप, म्हणजे बाईटकोड, उरलंय, असे जुने प्रोग्राम उघडायचे, आतली एखादी जागा बदलायची आणि बाकीचं जसंच्या तसं ठेवून बंद करायचे. त्यासाठीचं साधन तिनं स्वतः रचलं होतं आणि त्यात तिचा एकच हट्ट होता. प्रोग्रामच्या आत स्थिरांक असतात, म्हणजे एखादी ठरलेली मर्यादा, एखाद्या दुसऱ्या भागाचं नाव. साधनानं ती वस्तू स्वतः आणायची नाही. तिचं पूर्ण वर्णन तेवढं लिहायचं, की नाव काय, प्रकार काय, कुठून कशी मिळेल. प्रोग्राम जिथं चालेल तिथं खरी वस्तू तो स्वतः शोधून घेईल. "आपल्या लॅपटॉपवर त्याच नावाची दुसरीच वस्तू असू शकते ना रे," ती म्हणायची. "मंग आपलं उत्तर त्याच्या गळ्यात काऊन बांधतं?"

हे तिनं कुठल्याशा जाड पुस्तकातून उचललं असेल, असं मला वाटायचं. समुद्रपूरला पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. काकू अंगणवाडीत सेविका होत्या. डबे सारखे उघडले की खाऊला हवा लागते, म्हणून तिथं त्या प्रत्येक झाकणावर चिठ्ठी चिकटवायच्या. काय आहे, कुठलं, कोणासाठी. घरीही तोच कायदा, आणि चिठ्ठ्या लिहायचं काम ताईकडे. 'तिखट. भिवापुरी. पाहुण्यांच्या भाजीत अर्धाच चमचा.' मी सवयीनं झाकणाला हात घातला की ताई कडाडायची, "वाच ना रे! डोये फुटले काय?"

आणि तरीही माझ्याच हातून ते झालं. जिल्ह्यातल्या एका रक्तसाठवण केंद्राचं काम आलं होतं. फ्रिजचं तापमान मर्यादेबाहेर गेलं की गजर वाजवणारा एक जुना प्रोग्राम. कुठल्या फ्रिजला किती मर्यादा, हे केंद्रातल्याच फाईलीत लिहिलेलं. माझ्या लॅपटॉपवर काम करताना गजर सारखा कोकलू नये म्हणून मी ती मर्यादा भलतीच वाढवून ठेवली होती. आणि घाईत साधनाला वर्णन लिहायला सांगायच्या ऐवजी माझ्याकडचा आकडाच त्या ओळीत भरायला लावला. म्हणजे तिकडे फ्रिज बंद पडून रक्त नासलं असतं, तरी गजर गप्पच राहिला असता.

आमच्या शेवटच्या भेटीत ताई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "नाव लिवलं ना तू? का उत्तर?" काम तिच्या लॅपटॉपवर टाकून झालं होतं आणि माझी बस सुटायला आली होती. म्हणालो, "नावच लिहिलं ताई, तपासलंय." कशाचं तपासलंय! बसमध्ये लॅपटॉप उघडला तेव्हा चूक समोर आली. आता फोन करतो, मग करतो, असं करत दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी तिचाच मेसेज आला, 'केंद्राले पाठवलं.' काय पाठवलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. चौथ्या दिवशी काकूंचा फोन.

स्टेशनबाहेरूनच मी केंद्रात फोन लावला. तिथले तंत्रज्ञ खुशीत म्हणाले, "मस्त चालू हाय, एकदाही वाजलं नाई." चुकलं असतं तरी ते हेच म्हणाले असते ना! तापमान काही दिवस हातानंही वहीत लिहा, म्हटलं. "काऊन, काही गडबड हाय का?" "नाही हो, असंच... नवीन बसवलंय म्हणून." दुसरं खोटं.

अंत्यविधीच्या गर्दीत ताईचा लॅपटॉप मागवेना. लोक त्रिसरण म्हणत होते आणि मी मनात फ्रिजचं तापमान मोजत उभा होतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. काकूंनी काही न विचारता लॅपटॉप पुढ्यात आणून ठेवला. मी ओळ शोधली. ती बदललेली होती. माझा आकडा काढून तिथं पूर्ण वर्णन लिहिलेलं, अगदी तिच्या पद्धतीचं. केंद्राकडे तेच गेलं होतं. बदलाची वेळ पाहिली, तर मी बसमध्ये होतो तीच दुपार. सुटलो बुवा, असं वाटलं, आणि लगेच कळलं की तिला सगळं ठाऊक होतं. त्यानंतर दोन दिवस तिनं काम पाठवलं नव्हतं. ती माझ्या फोनची वाट पाहत होती.

मग मला रडू आवरेना.

काकू आत गेल्या आणि एक छोटा स्टीलचा डबा घेऊन आल्या. "तुयासाठी करून ठेवलती तिनं." तो डबा आता इथं माझ्या टेबलावर असतो. त्यातलं कधीच संपलं, पण धुताना मी झाकणाला पाणी लागू देत नाही. त्यावर ताईच्या अक्षरात लिहिलंय, 'जवसाची चटणी. अतुलसाठी. खरं सांगायला येईल तेव्हा.'

"तू काय सांगणार होता रे तिले?" त्या दिवशी मी चिठ्ठी वाचल्यावर काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. बस, आकडा, रक्त, ताईशी बोललेलं खोटं, सगळं. तिथूनच केंद्रातल्या तंत्रज्ञांनाही फोन करून सांगितलं. काकू शेवटपर्यंत ऐकत होत्या, डबा मांडीवर धरून. मग त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"मंग आता उघड," त्या म्हणाल्या.