कानमास्तर आणि बसकी गाडी

कानमास्तर गाडीचं दुखणं कानानेच ओळखायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग "हं, हिचं बेअरिंग रडतंय," असं काहीतरी तोंडातून निघायचं, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं. त्यामुळे गॅरेजात त्यांचं खरं नाव कधीच पुसलं गेलं होतं. बाणा मात्र एक: रोग्याने दवाखान्यात यायचं. कुणाच्या दारात जाऊन बॉनेट उघडायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

या बाण्याची गाठ पडली ती थेट व्याह्यांच्या गाडीशी. गाडी जुनी, पण थाट काय विचारता! डोंगर चढणारी, आत चामड्याच्या सीटा, आणि खाली स्प्रिंगांच्या जागी हवेने फुगणारे रबरी बलून. व्याही सकाळी बाहेर येऊन बघतात तो बाईसाहेब म्हशीसारख्या पोट टेकून बसलेल्या. चालू केली की पंप घुरघुरायचा आणि गाडी कुरकुरत उठायची. व्याही तिला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायला निघाले होते, तेवढ्यात त्यांच्या सुनेने, म्हणजे मास्तरांच्या लेकीने, भर जेवणात सांगून टाकलं, "माझे बाबा असताना बाहेर कशाला? ते बरोबर ओळखतील." झालं! पोरीची सासरची पत आता चार रबरी फुग्यांवर उभी राहिली.

गाडी गॅरेजात आली. मास्तरांनी लिफ्टवर चढवली, बलूनना साबणाचं पाणी फासलं. एक बुडबुडा येईल तर शपथ! खाली उतरवून फरशीवर ठेवली, तर सकाळी ताठ उभी. परत पाठवली, आणि लगेच व्याह्यांचा फोन, "पुन्हा बसली हो." नळ्या बदलल्या, बसली. व्हॉल्व्ह बदलले, बसली. पंपसुद्धा नवा टाकला. मग ती नव्या पंपाने झोकात उठायला लागली आणि तितक्याच झोकात बसायला लागली.

लेकीचा फोन आला. "बाबा, ती इथेच बसते, तिकडे बसत नाही. एकदा घरी येऊन बघा ना."

"अगं, गाडीला घर काय अन् गॅरेज काय! तुला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. खरं तर या पोरीला अक्षरांच्या आधी नटबोल्टचे पाने ओळखता यायचे, आणि तेही याच माणसाने शिकवले होते.

"तिचं लग्न झाल्यापासून एकदा तरी गेलात का तिच्या घरी?" बायको म्हणाली.

"वेळ कुठाय!"

मग व्याह्यांचा पुन्हा फोन. आवाज अगदी गोड. "राहू द्या हो. सोमवारी कंपनीत देतो. सूनबाई आपली उगाच बोलून गेली."

ते 'उगाच' मास्तरांच्या काळजात रुतलं. माझी पोर उगाच बोलते? त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, स्क्रूड्रायव्हर खिशात खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा रोग्याच्या घरी निघाले.

पोर्चमध्ये गाडी उभी होती, मागचं डावं चाक फुलझाडांच्या कट्ट्यावर चढवून.

"ही अशी का लावलीय?" मास्तरांनी विचारलं.

"रोज अशीच लावतात," विहीणबाई म्हणाल्या. "नाहीतर माझी खुर्ची कुठे मावायची?"

मास्तर इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली आडवे झाले. कट्ट्यावरच्या चाकाने बलून वर दाबला गेला होता, त्याला घडी पडली होती, आणि घडीत केसाएवढी चीर उघडली होती. स्स्स... लिफ्टवर आणि सपाट फरशीवर हीच चीर गुपचूप मिटलेली असायची. इथे हा कोपरा खचला की गाडीचा कॉम्प्युटर समतोल साधायला उरलेले तिन्ही कोपरे खाली आणायचा, म्हणून चोर कोण तेच कळत नव्हतं.

"सापडला!" मास्तर ओरडले आणि उठताना डोकं दणकून आपटलं.

"वा! शेवटी ओळखलंत," व्याही म्हणाले.

मास्तरांनी डोकं चोळलं. लेक दारात चहा घेऊन उभी होती. फुकटचं कौतुक गिळायचं मनात आलंच होतं, नाही असं नाही.

"मी कसला ओळखतोय," ते म्हणाले. "तुमच्या सुनेने पहिल्यापासून सांगितलं होतं, गाडी इथेच बसते म्हणून. मीच ऐकलं नाही. नवा बलून उद्या टाकतो."

"मग गाडी सकाळी पाठवते गॅरेजला," लेक म्हणाली.

"कशाला? मीच येतो."

लेकीने चहाचा ट्रे कट्ट्यावर ठेवला, आतून एक खुर्ची ओढत आणली आणि सासऱ्यांना म्हणाली, "गाडी जरा रस्त्यावर काढता का? बाबांना बसायला जागा हवीय."