दाराबाहेरचे चौदा जोड

माझ्या मुलीला, रूथला, हे ठाऊक नाही. आमच्या पाळकांना ठाऊक नाही. एकटीने गुडघे टेकते तेव्हासुद्धा मी या गोष्टीच्या जवळ येते आणि बाजूने निघून जाते — जणू मी बाजूने गेले तर देवालाही दिसायचं नाही.

मी चौथी शिकलेले. लिहायची सवय नाही. नातीच्या, एस्तेरच्या, जुन्या वहीत कोरी पानं उरली आहेत, त्यांवर लिहिते. ती अकरा वर्षांची आहे. मराठी समजते तिला, वाचता येत नाही. रूथ आणि जावई अनिलराव कामावर गेलेत, एस्तेर शाळेत. आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या या घरात दुपारी कुणी नसतं. तरी दार दिसेल अशीच बसले आहे. ही खोड मला त्या शहरात लागली.

कुठल्या शहरात? चीनमधल्या. नाव नाही लिहीत. मोठी नदी होती, तिच्यावर कायम धुरकट काहीतरी पसरलेलं असायचं. अनिलराव आणि रूथ तिथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. माझ्या माहेरी आणि सासरी मिळून परदेशी गेलेलं हे पहिलंच घर. एस्तेर लहान होती, तिला बघायला रूथने मला नेलं. सहा मजल्यांची इमारत, आम्ही चौथ्यावर. सकाळी दोघं गेली की मी कणकेच्या पोळ्या करायची, पोरीला भरवायची, तिचे कपडे गॅलरीत वाळत घालायची. मग खिडकीशी उभी राहायची. मी मुळातच बुजरी. गावातही चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. तिथे तर भाषाच नव्हती.

एक माणूस मात्र होतं. समोरच्या दारातल्या लिनबाई. पन्नाशीच्या, विधवा, कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. संध्याकाळी येऊन एस्तेरला चिनी अक्षरं शिकवायच्या. मला 'ताजिए' म्हणायच्या — मोठी ताई. त्यांचं बोलणं मला कळायचं नाही, माझं त्यांना नाही, पण भाजी निवडायला भाषा कशाला लागते? त्या माझ्यासारखं कोथिंबिरीचं देठ फेकून देत नसत, मला दाखवून दाखवून चिरत. मी हसले की म्हणायच्या, "ताजिए, हं?" त्यांच्याशी मी का नीट वागले नाही, असं तुम्ही विचाराल. वागले. तेच तर सांगायचं आहे. पण आधी बुटांचं सांगते.

रविवारी आमच्या घरी उपासना व्हायची. परदेशी माणसांनी आपापल्यात प्रार्थना केली तर कुणी काही म्हणत नसे. तिथल्या विद्यार्थ्यांना घरात घेऊन करायला मनाई होती. कॉलेजने अनिलरावांकडून तसं लिहूनही घेतलं होतं. तरी पोरं यायची, समोरून लिनबाईही यायच्या. अनिलराव म्हणायचे, आलेल्याला दारातून परत पाठवायचं कसं? एकेक करून यायची, मध्ये पाच-पाच मिनिटं सोडून. दार हळू वाजवायची. बूट जिन्यातच काढायची, तिथली रीतच ती. मग ते बूट मी लगेच उचलून आत घ्यायचे, चादरीत गुंडाळून न्हाणीघरात ठेवायचे — हे माझं काम. जिन्यातून जाणाऱ्याला वाटायला हवं, या घरात तिघं मोठी आणि एक पोर, बस्स.

जिन्यातून जाणारी म्हणजे इमारतीची देखरेख करणारी बाई. दंडाला लाल पट्टी. दर रविवारी दहाच्या सुमारास बादली घेऊन वरून खाली जिना पुसत यायची. कुणाशी बोलायची नाही. पण कुणाकडे कोण आलं हे तिला ठाऊक असायचं, आणि ते ती सांगायची, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. तिची बादली पायरीवर टेकल्याचा आवाज आला की आमच्याकडची गीतं आपोआप हळू व्हायची. 

आता त्या आठवड्याचं. बुधवारी रूथ हसत घरी आली. म्हणाली, "आई, तीन वर्षं वाढवून मिळाली." दोघांनी सही करूनही टाकली होती. मला वाटत होतं, उन्हाळ्यात आपण परत जाणार. माझं नगरचं दोन खोल्यांचं घर, शेजारची माणसं, रविवारी कळेल अशा भाषेतलं वचन — मी दिवस मोजत होते. मी रूथला म्हणाले, "बरं झालं." तेवढंच म्हणाले. नाही म्हणायला एक शब्द लागतो, तो मला आला नाही. आणि बोलता न आलेल्या माणसाने दुसरं काय करावं? — हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं स्वतःला विचारत आले, जणू त्याला उत्तरच नाही. आहे. गप्प बसावं, किंवा बोलावं. मी तिसरंच केलं.

रविवारी सकाळी मी लिनबाईंचं दार वाजवलं. माझ्या गुडघ्याच्या औषधी पट्ट्यांची रिकामी पेटी दाखवली, गुडघ्यावर हात ठेवला, तोंड वाकडं केलं. ते दुकान नदीपलीकडे, दोन बस बदलून. जाऊन यायला दुपार व्हायची. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं, मग आमच्या दाराकडे — म्हणजे उपासना झाल्यावर जाते. मी नाही म्हणून मान हलवली. आत्ता. त्या पिशवी घेऊन निघाल्या.

कपाटात भरलेली पेटी होती.

त्या वेळी आमच्या घरात त्या सापडू नयेत एवढंच मला हवं होतं. म्हणजे बघा, काय होणार हे मला ठाऊक होतं. नकळत घडलं असं मी म्हणू शकत नाही.

पोरं आली. मी दार उघडत गेले आणि बूट तिथेच राहू द्या म्हणून हाताने खुणावत गेले. एक उंच मुलगी होती, पहिल्या बाकावर बसावं तशी कायम पुढे बसायची. तिने आपले बूट उचलून माझ्यासमोर धरले, दर रविवारसारखे. मी ते तिच्या हातातून घेतले आणि परत बाहेर ठेवले. ती माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं असेल, आजीला आज वाकवत नाही. चौदा जोड झाले. मी ते ओळीने लावले. दार लोटलं आणि दाराला लागून खुर्चीवर बसले.

गीत चालू झालं. वरून बादली खाली येऊ लागली. सहावा मजला, पाचवा. मग आमच्या दाराशी आली आणि थांबली. पोचाऱ्याचा आवाज नाही, पावलांचा नाही. माझ्या आणि तिच्यामध्ये लाकडाची एक फळी होती. ती किती वेळ उभी होती, सांगता येत नाही. फोनने फोटो काढल्याचा बारीक आवाज आला. मग बादली उचलली गेली. आमचा मजला न पुसताच ती खाली गेली.

मी उठून सारे बूट आत घेतले. पोरं निघाली तेव्हा ते नेहमीसारखे न्हाणीघरातच होते.

मंगळवारी कॉलेजने अनिलरावांना बोलावलं. पोरांना एकेकाला बोलावलं. त्या उंच मुलीला कॉलेजातून काढल्याचं कळलं. तिचं पुढे काय झालं ते कळलं नाही. आम्हाला पंधरा दिवसांत देश सोडायला सांगितलं. सामान बांधताना अनिलराव सारखे म्हणत, "बूट तर आई आत घेतात. मग कळलं कसं?" आणि मग त्यांनीच उत्तर शोधलं. त्या रविवारी एकच माणूस आलं नव्हतं.

माझ्या हातून झालेलं एकुलतं एक चांगलं काम — त्यानेच लिनबाईंचा गळा धरला. त्या रविवारी दुकानात पट्ट्या मिळाल्या नसाव्यात; आठवडा संपताना त्या घेऊन आल्या, तेव्हा रूथने दार उघडलं नाही. मी आत होते. त्यांनी तीनदा वाजवलं. नंतर पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली सापडली. ती मी कुणाला दाखवली नाही.

नगरला महिनाभर राहिलो. मग अनिलरावांना इथे शाळेत काम लागलं. रूथ म्हणाली, "तू एकटी कशी राहशील?" आणि मी बरं म्हटलं. म्हणजे हे सारं करून मी घरीसुद्धा राहिले नाही.

सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात लिनबाईंचा निरोप आला, रूथच्या फोनवर. आमच्याकडे येत-जात होत्या म्हणून त्यांचंही ग्रंथालयातलं काम त्याच वेळी गेलं होतं. तेव्हापासून कधी हे, कधी ते. आता दुसऱ्या गावातली एक बालवाडी त्यांना घ्यायला तयार आहे, पण ज्या घरचं मूल सांभाळलं-शिकवलं त्या घरचं पत्र हवं. महिनाअखेरपर्यंत. जेवताना रूथने वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं — त्या रविवारी मी ताजिएसाठी पट्ट्या आणायला गेले होते, मग द्यायला आले तर दार बंद. माझं काही चुकलं का?

अनिलराव हसले. "पट्ट्या आणायला. रविवारी, नेमकी उपासनेच्या वेळी. दुकान काय पळून चाललं होतं?"

"अनिल, दोन ओळी लिहायला काय जातं?" रूथ म्हणाली.

"शी वॉज ग्रँड टू मी, डॅड," एस्तेर म्हणाली — म्हणजे त्या माझ्याशी छान वागायच्या. तिला अजून त्यांनी शिकवलेली अक्षरं येतात.

अनिलरावांनी चमचा खाली ठेवला. ते वाईट माणूस नाहीत. खरं असेल तर मानायची त्यांची तयारी होती. माझ्याकडे वळून त्यांनी सरळ विचारलं, "आई, तुम्ही पाठवलं होतं का त्यांना?"

इतक्या वर्षांत कुणी मला इतकं सोपं विचारलं नव्हतं. हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता — त्याच वेळी का? आणि त्याच्या पुढचा.

मी म्हणाले, "नाही बाई. मी कशाला पाठवू?"

रूथने फोन पालथा ठेवला.

तेव्हा महिना संपायला नऊ दिवस होते. नऊ दिवस मी याच घरात होते. मधल्या शुक्रवारी पलीकडच्या घरातल्या नागपूरच्या डॉक्टरीणबाई आल्या, इथल्या इस्पितळात काम करतात. त्या इंग्रजीत पत्र लिहून देऊ शकल्या असत्या, मी सांगेन तसं. त्यांनी विचारलं, "गुडघे काय म्हणतात, मावशी?" बरे आहेत म्हटलं. चहा केला. त्या गेल्या.

काल महिना संपला. आज मी वही घेतली. काल का नाही घेतली? आज लिहून कुणाचं काही व्हायचं नाही — लिनबाईंचं नाही, आणि माझंही नाही. हे मला बसायच्या आधी ठाऊक होतं.