शारजाची पेटी

पेटीचाचांच्या काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला नाही, तर आम्ही त्यांना तब्येत विचारायचो. डब्याच्या झाकणाला चिठ्ठी जाईल एवढी चीर होती. दुबईत देऱ्यातल्या आमच्या खोलीत ते सर्वांत वयस्क. खरं नाव कुणी घेत नसे.

आमच्या रत्नागिरीकडच्या गावात जमातीचे निर्णय मतांनी होत, पण परदेशी गेलेल्यांना मत नव्हतं. चाचांनी पत्रांमागून पत्रं लिहून ते मिळवलं. अट एकच, प्रत्येकानं चिठ्ठी स्वतःच्या हातानं पेटीत टाकायची. शारजाला बेकरीत राबणाऱ्या आमच्या अकरा जणांना शुक्रवारची दुपार तेवढी मोकळी, आणि आमच्याकडे येताना वाळूत गाडी रुतली की दिवस खलास. चाचा म्हणाले, "माणूस पेटीकडं येत नाय, तर पेटीनं माणसाकडं जावं." लगेच दुसरा डबा शोधून त्यालाही चीर पाडली.

त्या वेळी मत होतं मुलींसाठी चौथीपुढचे वर्ग काढण्यावर. चाचांची हफीजा चौथी पास होऊन घरी बसली होती. तिचं पत्र आलं की "अक्षर बघा, अक्षर!" म्हणत ते खोलीभर फिरवत. अक्षर खरंच सुरेख होतं.

शारजाची पेटी त्यांनी माझ्यावर सोपवली. "तू शिकलेला. नमाजनंतर मशिदीबाहेर बस. यल्ला, निघ!" मी निघालो आणि वाटेत एका दोस्ताच्या खोलीवर टेकलो. त्यानं नवा ट्रान्झिस्टर घेतला होता, क्रिकेटचं समालोचन रंगात आलं होतं. मी उठलोच नाही. संध्याकाळी रिकामा डबा चाचांपुढे ठेवून म्हणालो, "कुणी फिरकलंच नाही." लाज कोळून प्यायलो होतो.

"थकली असतील पोरं," एवढंच ते म्हणाले.

प्रस्ताव सात मतांनी पडला. पुढच्या वर्षी हफीजाचं लग्न ठरलं. चाचांनी खोलीत खजूर वाटला, स्वतः मात्र खाल्ला नाही.

ते गावी परतल्यावर शारजाचा एक बेकरीवाला मला भेटला. म्हणाला, "त्या दिवशी आम्ही अकराच्या अकरा उन्हात उभे होतो. सगळ्यांना आपल्या बहिणी शिकवायच्या होत्या. पुढच्या शुक्रवारी चाचा आले, एकेकाचा हात धरून माफी मागितली. म्हणाले, पेटी पाठवायला मीच विसरलो."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. त्या मतदानानंतर दोन वर्षं आमच्या चटया शेजारी होत्या. त्यांनी एकदा शिव्या घातल्या असत्या, तर मी सुटलो असतो.

माफी मागायला गावी गेलो, तोवर चाचा गेले होते. हफीजानं चहा केला. "अब्बा तुमची फार तारीफ करायचे," ती म्हणाली.

मी तिलाही काही सांगितलं नाही.